हरोळीची चार अंडी

मामंजी, तुम्हाला जाऊन चौतीस वर्षं झाली. वर नमस्कार लिहिलेला नाही आणि तो विसरून राहिलेला नाही. तुम्ही होतात तोवर रोज सकाळी वाकून करत होते, तेवढे पुरे झाले. परवा कॉलेजातला एक तरुण मास्तर घरी आला होता. कुठल्याशा जुन्या मासिकात त्याला तुमचा हरोळ्यांवरचा लेख सापडला म्हणे. नाशकात त्या काळी कुणी परसात जाळी बांधून ही हिरवी रानकबुतरं पाळली, त्यांची पिलं वाढवली, याचं त्याला फार अप्रूप. गंगापूर रोडवर घर विचारत विचारत आला बिचारा. धाकटीने चहा केला. त्याने वही उघडली आणि मला म्हणाला, "आजी, हरोळी दोन अंडी घालते असं सगळे सांगतात. यांनी लागोपाठ दोन वर्षं चार-चार नोंदवलीत. हे खरं असेल का?" मी म्हटलं, "असेल. मला आठवत नाही." मला सगळं आठवतं. तो गेल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. गावात प्रभातफेऱ्या निघायच्या, लोक तुरुंगात जाऊन यायचे, आणि त्यातलं काही आपल्या कुंपणाच्या आत यायचं नाही. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या, पलीकडे पेरूच्या बागा. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तुम्ही, तुमचे चिरंजीव आणि मी, आणि परसात ती जाळी. तुम्ही तिला पक्षीगृह म्हणायचात, बाकी सगळं जग जाळी म्हणायचं. जंगलखात्यात जन्मभर नकाशे काढून तुम्ही पेन्शनीत निघालात आणि सगळा जीव तिच्यात ओतलात. माणूस आत उभा राहून हात वर करील एवढी उंच, वीस पावलं लांब, लोखंडी अँगल आणि बारीक तार, निम्म्यावर पत्रे, उत्तरेकडून थंडी येऊ नये म्हणून गोणपाटाचे पडदे. आत पेरूचं जिवंत झाड, फांदीच्या बेचक्यात बांधलेली वेताची परडी. हरोळी घरटं म्हणून चार काड्या आडव्यातिडव्या टाकते आणि त्यातून अंडं खाली पडतं, म्हणून ती परडी तुमची युक्ती. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. जाळीत चारी बाजूंनी वारा खेळायचा. त्या वेळी ही तुलना माझ्या मनात आली नव्हती, आता रोज येते.

लग्नाच्या आठव्या दिवशी तुम्ही मला एक विळी दिलीत. लहानशी, हलकी, लाकडी पाट नवा कोरा. "ही फक्त फळांची. हिला कांदा लागता कामा नये." माझ्यासाठी म्हणून तुम्ही आणलेली ती एकच वस्तू, आणि मी वेडी, मला तिचा आनंद झाला होता. मग कळलं. हरोळी दाणे खात नाही, तिला फळच लागतं. पपईचे तुकडे हरभऱ्याएवढे, एकही मोठा नको, घशात अडकतो. केळ्याचे तसेच. रताळं उकडून. मनुका रात्री भिजवून सकाळी पिळून. वर उंबरं, ती मात्र सबंध. उन्हाळ्यात दहा वाजले की उरलेलं आंबतं, मुंग्या येतात, गांधीलमाश्या येतात, म्हणून ते काढून पुन्हा नवं घालायचं. फळ खाणारं पाखरू घाणही तशीच करतं, म्हणून खालची फरशी रोज राखेने घासायची. तुम्ही खुर्ची टाकून बसायचात आणि लिहायचात.

आणि ते लुगडं. आत जाणाऱ्याच्या अंगावर निराळा रंग दिसला की हरोळ्या बिथरतात, तारेवर डोकं आपटून घेतात. म्हणून तुम्ही मला एक हिरवं लुगडं नेमून दिलंत. जाळीत जाताना तेच, तीन वर्षं तेच. बायकांना हिरवं लुगडं कधी मिळतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते पाखरांसाठी मिळालं. बांगड्यांच्या आवाजालाही ती भितात, म्हणून बांगड्यांवर चिंधी गुंडाळायची. मनगटापासून वर चिंध्या बांधलेले हात घेऊन मी पहिल्यांदा मागच्या दारातून बाहेर आले तेव्हा कुंपणापलीकडून पेरूवाल्याच्या बायकोने विचारलं, "का गं, भाजलं का हाताला?" मी हो म्हटलं.

तुमचं शिक्षण मोठं होतं. माझं मराठी चौथी. पण डोळे मला होते, मामंजी. तुम्ही आलेल्या प्रत्येकाला सांगायचात की हरोळी जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरली तरी पायात काडी धरून उतरते. पाहुणे वा वा करायचे. एकदा भर दुपारी मी पाहिलं, एक हरोळी सरळ खाली उतरली आणि कोपऱ्यातली खारट माती टोचू लागली. पायात काडी नाही, काही नाही. मी धावत येऊन सांगितलं. मला वाटलं तुम्हाला नवी गोष्ट कळल्याचा आनंद होईल. तुम्ही वहीतून डोकं वर न काढता म्हणालात, "सूनबाई, जे होत नाही ते दिसलं असेल तर दोष डोळ्यांत असतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या कोपऱ्यावर फरशी बसवून घेतलीत. माती झाकली म्हणजे तुमचं म्हणणं खरं राहिलं.

त्या जाळीत एक जोडी होती. होती म्हणजे तुम्ही तसं ठरवलं होतं. हरोळीत नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखी, पाय दोघांचे पिवळे, छाती दोघांची पिवळट हिरवी. खांद्यावरचा जांभळा डाग नराचा जरा मोठा असतो, एवढंच. जी अंगाने थोराड होती आणि दुसरीला परडीवरून हुसकायची, तिला तुम्ही नर म्हणालात. दांडगाई करतो तो नर, हा तुमचा हिशोब. तिचा तुम्हाला लळाही होता, तुमच्या आवाजाला ती मान वाकडी करायची. पहिल्या उन्हाळ्यात परडीत अंडी आली, दोन नव्हे, चार. तुम्ही दोन दिवस जमिनीवर नव्हतात. पंचवटीतून, देवळालीतून लोक बोलावलेत. रानात दोन घालते, माझ्याकडे चार, हा खुराकाचा गुण, असं सांगताना तुमचा आवाज चढायचा. मी माझ्याच हातचे पपईचे तुकडे फिरवून पाहुण्यांना दाखवत उभी होते. चारांतलं एकही फुटलं नाही. वीस दिवसांनी तुम्ही ती दिव्यासमोर धरलीत, आत नुसता पिवळा बलक.

मग तुमचा नियम कळला. मोसमात पिलू आलं नाही तर मादी बदलायची. ती लहानखुरी हरोळी तुम्ही कॅम्पातल्या एका साहेबाच्या खानसाम्याला दिलीत. तिथे हरोळी कशासाठी नेतात हे काही गुपित नव्हतं. जाताना ती टोपलीत अगदी गप्प बसली होती. पेठकडच्या एका म्हातारीकडून दुसरी आणलीत, नर तोच ठेवलात. दुसऱ्या वर्षी पुन्हा चार अंडी, पुन्हा पाहुणे, पुन्हा पिवळा बलक, आणि दुसरीही टोपलीत. पुन्हा नवी मादी आली, तिसरी.

त्याच सुमाराला तुमचे एक स्नेही जेवायला होते. मी वाढत होते. त्यांनी सहज विचारलं, घरात अजून पाळणा कसा हलला नाही. तुम्ही आमटीची वाटी पुढे करत म्हणालात, "पाखराला एक मोसम पुरतो. माणसाला मी तीन देतो. सायखेड्याला एक स्थळ पाहून ठेवलं आहे." स्नेही हसले. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही विनोद करत नव्हतात. माझ्या हातात तूप होतं. मी ते वाढलं, तुम्हाला आधी, मग त्यांना, मग तुमच्या चिरंजिवांना. ते मान खाली घालून भात कालवत होते.

आणखी एक सांगते, ते तुम्ही कधी कबूल केलं नसतंत. महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसले की फळं कापायला विळी तुमच्या हातात यायची. त्यामुळे तुम्हाला कुणाला विचारायची गरज नव्हती. तुम्ही गेल्यावर ती वही मी वाचली. हरोळीने किती उंबरं खाल्ली, वारा कुठून होता, आणि मधेच एक ओळ, 'सून आज बाजूला.' दर महिन्याला, न चुकता, तीन वर्षं. खाली तुमची ती बारीक, सुबक रेघ. माझ्या आईलासुद्धा माझं एवढं ठाऊक नव्हतं.

तुमच्या चिरंजिवांविषयी मला आता फार बोलायचं नाही, तेही गेले. भित्रे होते, वाईट नव्हते. त्या जेवणानंतर दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर मी एकटी असताना आले आणि दोराकडे बघत बोलले. सोळाव्या वर्षी तुम्हा सगळ्यांचं बिऱ्हाड कळवणला होतं, तिथे त्यांना गालगुंड झाले होते, सूज खाली उतरली होती, पंधरा दिवस उठता येत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काही सांगितलं. ते घरी येऊन तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलताना तुमचा सूर बदलला. "मला वाटतं, खोट माझ्यात आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग मामंजींना सांगा." ते म्हणाले, "बाबांना माहीत आहे गं. त्यांना माहीत आहे म्हणून तर सांगता येत नाही." आणि घागर उचलून, जी त्यांनी कधी उचलली नव्हती, आत घेऊन गेले. घरात पाणी आणून ठेवलं, तेवढीच त्यांची मर्दुमकी.

तिसऱ्या वर्षी माघात ती पेठकडची म्हातारी उंबरांची पाटी घेऊन आली. तुम्ही तिला फळवाली म्हणायचात आणि फाटकाच्या आत घ्यायचा नाहीत. तुम्ही घरी नसाल तेव्हा ती परसात येऊन पाणी प्यायची आणि मी तिच्याशी बोलायची, कारण दिवसभरात दुसरं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मी तिला म्हटलं की आम्ही एवढं खाऊ घालतो, दोन वर्षं चार-चार अंडी झाली, तरी पिलू नाही. तिने ओंजळीतलं पाणी सांडलं.

"चार? कुनी सांगितलं चार?"

"मी पाहिली. परडीत होती."

"हरोळीला दोनच असत्यात, बाय. पारव्याला दोन, व्हल्याला दोन, हरोळीला दोन. रानात जलम गेला माझा." मग उठून जाळीपाशी गेली, तारेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. "ह्यातला नर कोन्ता म्हनत्यात तुमचं म्हातारं?"

मी थोराड हरोळी दाखवली. म्हातारी हसली नाही, तिने कपाळाला हात लावला. "ही बाईच हाय की गं. पिसं बघ, डाग बघ तिचा. दोन तिची अंडी, दोन हिची, अशी चार. दोन बायांचा संसार ह्यो. ह्यात पिलू कुठनं यायाचं?"

मामंजी, त्या क्षणी मला काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. दया वगैरे काही आली नाही. मला त्या दोन टोपल्या आठवल्या. ज्यांना तुम्ही खानसाम्याकडे धाडलंत त्या दोघींत काही खोट नव्हती, आणि जिच्यात उणीव होती ती तुमच्या आवाजाला मान वाकडी करत मजेत मनुका खात होती. आणि जिला तिसरी टोपली तयार होती ती मी होते. माझं डोकं एकदम साफ झालं. मी म्हातारीला म्हटलं, "मला एक नर आणून दे. नक्की नर." ती म्हणाली, "म्हातारं वळखील." मी म्हटलं, "नाही ओळखणार."

पंधरा दिवसांनी, तुम्ही वाचनालयात पक्ष्यांवर बोलायला गेला होतात त्या दुपारी, ती पाटी घेऊन आली. वर उंबरं, खाली पळसाची पानं, त्याखाली फडक्यात नर. मी लुगडं बदललं, बांगड्यांना चिंध्या बांधल्या. तुमच्या लाडक्या हरोळीला पकडायला काहीच करावं लागलं नाही. मी मनुका धरल्या, ती मनगटावर येऊन बसली आणि मी दुसऱ्या हाताने तिच्यावर पदर टाकला. लुगडं ओळखीचं होतं म्हणून ती घाबरलीसुद्धा नाही. म्हातारीने तिला रानात सोडलं की चुलीवर चढवलं, मी विचारलं नाही. आजही ते मला विचारायचं नाही.

तुम्ही आलात तेव्हा नवा नर तारेवर धडका देत होता. तुम्ही माझा पाणउतारा केलात. "आज दुसरं काही नेसून गेली होतीस. खोटं बोलू नकोस." मी विळी ओढून केळं चिरायला बसले. आठवड्याने तो निवळला, फांदीवर बसून शीळ घालू लागला, आणि तुम्ही, पक्ष्यांचे जाणकार, वाचनालयात टाळ्या घेऊन आलेले, खुर्चीत बसून म्हणालात, "नर आता खरा रंगावर आला. पपईचा गुण." चैत्रात परडीत अंडी आली. दोन. तुमचा चेहरा पडला. "दोनच? तू उंबरं कमी घातलीस." चौदाव्या दिवशी दोन्ही फुटली.

तुम्ही रडलात, मामंजी. मी ते पाहिलं. परडीत ती उघडीनागडी, आंधळी पिलं, आणि त्यांच्या चोचीत आईबाप घशातलं दूध ओततात ते बघताना तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं मऊ तुमच्यात कुठेतरी होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यासाठी मी तुम्हाला जास्तच दोष देते. नसतंच तर गोष्ट वेगळी. तुम्ही लगेच लेख लिहायला घेतलात. मोठ्याने वाचून दाखवायचात, दोन वर्षं अपयश आले, मग योग्य मादी मिळताच यश आले.

पिलं परडीच्या काठावर येऊन बसली त्या सकाळी मी बोलले. तुम्ही जाळीपाशी उभे राहून लिहीत होतात. मी विळी खाली ठेवली.

"मामंजी, एक सांगायचं होतं."

"हं."

"मादीमुळे नाही झालं. मी नर बदलला."

तुम्ही लिहायचं थांबवलंत. मी सगळं सांगितलं, म्हातारी काय म्हणाली ते, चार अंड्यांचं कारण, पदर टाकून धरलं ते. तुम्ही आधी नराकडे पाहिलंत, खूप वेळ, खांद्यावरच्या डागाकडे. मानेपासून वर तुम्ही लाल होत गेलात. मग मी जन्मात एकदाच दाखवलं तेवढं धाडस दाखवलं. "ज्या दोन गेल्या त्यांच्यात काही खोट नव्हती. आणि कळवणचे डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते, ते मला ठाऊक आहे."

मला वाटलं तुम्ही ओरडाल, हात उगाराल. कुठेतरी वाटलं होतं की खालीसुद्धा बसाल. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हे बाहेर कुणाजवळ बोलू नकोस. लेख छापायला गेलाय. लोक हसतील."

"आणि सायखेड्याचं?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?" तुम्ही म्हणालात, आणि मग नेहमीच्या आवाजात, "त्यांची पपई सुकतेय."

मी जाऊन पपई आणली. हे मला स्वतःचं सगळ्यात जास्त झोंबतं. मी खरंच जाऊन पपई आणली.

ज्येष्ठात लग्न लागलं. ती पंधराची होती, मी आले तेव्हा होते तेवढीच. दारात मी तिला ओवाळलं. गोदेकाठच्या खेड्यातली, घाबरलेली, हसली की हिरड्या दिसणारी मुलगी. आठव्या दिवशी तुम्ही फळांची विळी माझ्या हातून घेऊन तिच्यापुढे ठेवलीत. "हिला तुकडे शिकव." हिरवं लुगडं धुऊन तिला दिलंत. तिच्या बांगड्यांना चिंध्या मी बांधल्या. ती म्हणाली, "ताई, ह्या कशाला?" मी म्हटलं, "पाखरं भितात." पुढच्या महिन्यात तुमच्या वहीत आमच्या दोघींच्या ओळी सुरू झाल्या, मोठी आज बाजूला, धाकटी आज बाजूला.

तिचा तिसरा मोसम पुरा व्हायच्या आत तुम्ही गेलात, छातीत कफ साठून, चार दिवसांत. नाहीतर आम्हा दोघींवर तिसरी आली असती याविषयी माझ्या मनात शंका नाही. तेराव्यानंतर तुमच्या चिरंजिवांनी जाळीचं दार काढून टाकलं. हरोळ्या दोन दिवस पत्र्यावर बसून राहिल्या, मग विहिरीजवळच्या उंबरावर गेल्या, मग दिसल्या नाहीत. लोखंड भंगारात गेलं. विळी घरातच आहे. तिच्यावर आम्ही आता कांदा चिरतो. पहिला कांदा मी मुद्दाम चिरला होता.

इथवर सगळा राग तुमच्यावर आहे आणि तो तसाच राहू दे, त्यातला कणभरही मी कमी करत नाही. पण परवा तो मास्तर निघाला तेव्हा धाकटी कपबशा उचलता उचलता त्याला म्हणाली, "मामंजींच्या हाताला गुण होता हो. पाखरांना पिलं झाली. आमच्याच पोटात काही नव्हतं." आमच्याच म्हणाली. मला धरून. ती बावन्न वर्षांची आहे आणि तिला अजून तसं वाटतं, कारण तिला कुणी सांगितलेलं नाही. भित्र्या माणसाने एक गुपित दोनदा फोडायचं नसतं असं त्यांना वाटलं असेल. मग उरले मी.

तिने काय काय केलं ते मी पाहिलं आहे. सोळा सोमवार. भर उन्हात त्याच उंबराला प्रदक्षिणा, पाय पोळले तर वर तेल मी लावलं. कुठल्याशा वैदूचा काढा, त्याने तिला महिनाभर उलट्या झाल्या, भांडं मी धरलं. शेजारच्या डोहाळजेवणात तिला मागे बसवलं तेव्हा ती माझ्याजवळ येऊन रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एक वाक्य सांगितलं असतं तर हे सगळं थांबलं असतं. आधी सांगितलं नाही, कारण मी तीन वर्षं सोसलं, हिनेही सोसावं असं मला वाटत होतं. ते मी लपवत नाही. मग तिची मला सवय झाली, तिच्याशिवाय करमेना, आणि वाटलं, आता सांगितलं तर ही पहिलं हेच विचारील की इतकी वर्षं का नाही सांगितलंस. बाहेर कुणाजवळ बोलू नकोस, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमचा तेवढा एकच हुकूम मी इमानाने पाळला.

आता ती आतून विचारतेय, "ताई, कुणाला एवढं लांबलचक पत्र?" मी म्हटलं, "कुणाला नाही गं." तुम्हाला ते पोचायचा प्रश्नच नाही. ज्या माणसाला ते द्यायला हवं ती दहा पावलांवर रताळं सोलते आहे. तिला वाचायला मीच शिकवलं, म्हणून हे उद्या सकाळी बंबात जाईल.